पाहा : आरती प्रभु

पावसाळा सरला की आमच्या मालवणात गोधड्यांबरोबर पुस्तकंही अंगणात येतात. चार महिन्यांची ओल आणि बुरशी काढायची ही जुनी रीत. आमच्या लहानशा ग्रंथालयातही तीच. मागच्या ऑक्टोबरात ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातली एक मुलगी मुंबईहून चार आठवडे आमच्याकडे कामाला आली. पहिल्याच सकाळी तिनं उन्हातली सगळी पुस्तकं पडवीत आणली. म्हणाली, ''कडक उन्हानं कागद ठिसूळ होतो. सावलीत, वाऱ्यावर वाळवू या.''

आमच्या ग्रंथालयातल्या बाई, तीस वर्षांचा अनुभव, तिच्याकडे बघतच राहिल्या. ''आमी कायम उन्हातच घालतंव गो!''

दुसऱ्या दिवशी मुलीची पाळी. तिनं कपाट भिंतीला चिकटवून लावलं, तर बाईंनी ते चार बोटं पुढं ओढायला लावलं. लाल चिऱ्याच्या भिंतीतून वाळवी कशी चढते, ते कुठल्या पाठ्यपुस्तकात असेल तर असो. तिला ते बाईंनी शिकवलं.

राज्यात २०२३-२४पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक आहेत. चांगली गोष्ट. पण मुलं जातात कुठं? बहुतेक शहरातल्या वातानुकूलित ग्रंथालयांत, संगणकासमोर. संगणक यायलाच हवा, वाद नाही. पण रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२चं. त्यांच्यामागून गावोगाव उभी राहिलेली छोटी ग्रंथालयं, १९६७च्या कायद्यानंतर अ, ब, क, ड वर्गांत मोजली जाणारी, तुटपुंज्या अनुदानावर चालणारी, ती या मुलांच्या हातांची वाट बघतायत. डॉ. रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि पुस्तकांच्या संगतीत राहूनच १९३१चे ते पाच सिद्धांत त्यांना सुचले.

आता खरी गंमत सांगतो. एके दुपारी ती दोन पुस्तकं घेऊन अडून बसली. एक 'कोंडुरा', लेखक चिं. त्र्यं. खानोलकर. दुसरं 'नक्षत्रांचे देणे', कवी आरती प्रभु. आमच्या नोंदवहीत ही दोन माणसं, दोन टोकांच्या कपाटांत! वेंगुर्ल्याजवळच्या बागलांची राई इथं १९३० साली जन्मलेला माणूस एकच, हे इथल्या पोरालाही ठाऊक; पण तालिकेला ते सांगावं लागतं. 'पाहा : आरती प्रभु' अशी एक चिठ्ठी तिनं केली. वाचक एका नावावरून दुसऱ्या नावापर्यंत पोचायला तेवढी चिठ्ठी पुरते.

मग तिनं माझाच कवितासंग्रह पुढं केला. पाठीवर आकडा होता २९७. ड्युई पद्धतीत २९७ म्हणजे इस्लाम. आत समुद्र, रापण, आईच्या हातची घावणं आणि एक फसलेलं प्रेम. कुणीतरी मुखपृष्ठावरचं नाव वाचलं असणार, आणि तिथंच थांबलं असणार. राग नाही, पण वीस वर्षं ते पुस्तक अशा कपाटात होतं, जिथं कविता शोधायला कुणी जाणार नाही. तिनं जुनी चिठ्ठी ओल्या बोळ्यानं अलगद सोडवली आणि नवा आकडा लिहिला : ८९१.४६१. मराठी कविता. लिहिताना विचारलं, ''सर, आडनाव आधी घालू की नाव?''

म्हटलं, ''बाई, एवढी वर्षं कुणी विचारलं नव्हतं.''

चार आठवडे संपले. जुन्या नोंदवहीतलं निम्मं काम राहिलंय. जिथं थांबली, त्या पानात तिनं खूण म्हणून एसटीचं तिकीट ठेवलंय. बाई कपाट पुसताना रोज विचारतात, ''दुसरा चेडू येतला मा?''