स्वनातीत म्हणजे किती वेगवान?



पावसाळ्याच्या तोंडाशी माणगावात संध्याकाळी डोंगरावर वीज चमकते आणि ओटीवर बसलेली पोरं मोजू लागतात, एक, दोन, तीन... सहावर गडगडाट ऐकू आला तर वीज दोन किलोमीटरांवर. आवाजाला किलोमीटरभर यायला साधारण तीन सेकंद लागतात. आज ज्या शब्दाबद्दल बोलायचं आहे, त्याचं माप हेच.

तो शब्द ‘स्वनातीत’. बातम्यांतलं सुपरसॉनिक. स्वन म्हणजे आवाज. त्याला मागे टाकणारं ते स्वनातीत. मला हा शब्द फार आवडतो. तो नुसतं ‘अतिवेगवान’ म्हणून थांबत नाही, कशापेक्षा ते सांगतो. जमिनीलगत आवाजाचा वेग ताशी सुमारे 1,230 किलोमीटर, उंचावरच्या थंड हवेत त्याहून कमी. 14 ऑक्टोबर 1947 रोजी अमेरिकी वैमानिक चक येगर यांनी बेल एक्स-1 विमानातून तो ओलांडला.

आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या प्रवासी विमानाचा आवाजही मागून येतो, पण ते केवळ उंचीमुळे. स्वनातीत विमान आधी चाहूलच देत नाही. ते पुढे निघून जातं आणि मग सुरुंग उडावा तसा दणका बसतो, खिडक्यांची तावदानं थरथरतात.

आवाजाच्या पाचपट आणि त्यापुढे गेलं की ‘हायपरसॉनिक’. 1946 साली अमेरिकेत संशोधन करणाऱ्या च्यान श्वेसेन यांनी हा शब्द रूढ केला. पाच म्हणजे काही आखलेली रेघ नव्हे. त्या सुमारास हवा इतकी तापू लागते, की पुढे तिचे रेणूच फुटतात आणि नेहमीची गणितं चालत नाहीत. 7 सप्टेंबर 2020 रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावरून डीआरडीओने सोडलेलं यान आवाजाच्या सहापट वेगाने, सेकंदाला जवळजवळ दोन किलोमीटर, वीस सेकंदांहून अधिक काळ उडालं. इंजिनाला लागणारा ऑक्सिजन हवेतूनच घेत. एसटीला माणगावहून महाडला जायला पाऊण तास तरी लागतो. त्या वेगाने पंधरा सेकंदही लागणार नाहीत.

हल्ली मात्र कुठल्याही वेगवान क्षेपणास्त्राला सरसकट हायपरसॉनिक म्हटलं जातं. हे चूक आहे. आपलं ब्रह्मोस आवाजाच्या सुमारे तीनपट वेगाचं, म्हणजे स्वनातीत. त्यात त्याला कमीपणा नाही. बातमी लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे, शब्दाबरोबर ‘आवाजाच्या किती पट’ हा आकडाही द्या. आणि श्रोतेहो, दिला नसेल तर तुम्ही तो जरूर विचारा.