फवारणी करणाऱ्या मजुराची काळजी



बुलढाणा जिल्ह्यांत पऱ्हाटी गुडघ्यास लागली कीं गांवोगांवीं पंपांचा आवाज सुरू होतो. मलकापूर-खामगांवकडे कापूस, चिखली-मेहकरकडे सोयाबीन. फवारणीवांचून हंगाम जात नाहीं. जें फवारतों त्याला आपण ‘औषध’ म्हणतों. या एका शब्दानें पुष्कळ घात केला आहे, असें माझें मत आहे. विषाला औषध म्हटलें कीं हात आपोआप निर्धास्त होतो.

२०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत काय घडलें तें वऱ्हाड विसरलेलें नाहीं. त्या वर्षीं पऱ्हाटी माणसाच्या उंचीस पोंचली होती. मजूर वरच्या पानांवर फवारा मारी, आणि तुषार त्याच्याच तोंडावर व छातीवर पडत. शिवाय दोन-तीन कीटकनाशकें एकत्र कालविण्याची रीत. विसांच्या आसपास माणसें दगावलीं, शेंकडों रुग्णालयांत गेलीं. त्यानंतर राज्य शासनानें पांच कीटकनाशकांच्या विक्रीवर कांहीं काळ बंदी घातली. तिच्या जिल्ह्यांत यवतमाळ, अकोला, अमरावती, वाशीम यांच्याबरोबर आपला बुलढाणाहि होता.

विष पोटांत गेलें तरच बाधतें, ही समजूत खोटी आहे. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारखीं विषें कातडींतून रक्तांत शिरतात. मज्जातंतूंचा संदेश पोंचल्यावर तो आवरणारें एक द्रव्य शरीरांत असतें. तेंच हीं विषें निकामी करतात. मग लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांची बाहुली बारीक होते, स्नायू फडफडतात, श्वास कोंडतो. घामानें व फवाऱ्यानें भिजलेला सदरा अंगाला चिकटतो आणि दिवसभर तेंच विष कातडीवर राहतें. भोवळ आली तर ऊन लागलें असें समजून माणसाला झाडाखालीं निजवितात. तेवढा वेळ वायां जातो.

आतां मजुरीविषयीं. फवारणीचे पैसे पुष्कळ ठिकाणीं पंपामागें ठरतात. म्हणून मजूर भर दुपारीं, वाऱ्याकडे तोंड करून, त्याच हातानें खर्रा खात काम रेटतो; नोझल तुंबलें तर तोंडानें फुंकतो. त्याला अडाणी म्हणणें सोपें आहे. थांबला तर पैसे बुडतात, आणि हातमोजे त्याला कोणी दिलेले नसतात. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील १९७१ च्या नियमांत संरक्षक कपड्यांची तरतूद आहे. पण बांधावर येऊन पाहतो कोण? तेव्हां बोली दिवसाच्या हिशेबानें करावी, आणि हातमोजे, चष्मा, तोंडाचें आच्छादन, साबण व हात धुण्याचा वेगळा हंडा मालकानेंच वावरांत आणावा. भाद्रपदाच्या उकाड्यांत रबरी पोशाख सोसत नाहीं, हें खरें. त्यावर सकाळीं लौकर किंवा उन्हें उतरल्यावर काम करणें हाच उपाय. ते कपडे घरच्या धुण्यांत टाकूं नयेत. धुणाऱ्या बाईलाहि बाधा होते.

एखाद्यास त्रास होऊं लागला तर काम तत्काळ थांबवावें, कपडे उतरवून अंग साबणानें धुवावें व दवाखाना गांठावा. वर सांगितलेल्या विषांवर ॲट्रोपीन हा उतारा आहे. सर्वच कीटकनाशकांवर तो चालत नाहीं. म्हणून डॉक्टरांना विषाचें नांव कळलें पाहिजे. कालवून दिलेला पंप पाठीवर घेणाऱ्याला तें बहुधा ठाऊक नसतें. विकत आणणाऱ्याला असतें. तेव्हां डबा घेऊन मालकानें स्वतः बरोबर जावें.