चष्मा कोणाच्या मालकीचा?

(साखरशेत, ता. जव्हार येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



परिचारिकेला शरीररचनाशास्त्र कशासाठी शिकवावयाचे, हे एका सुईवरून कळते. कुल्ल्यावर इंजेक्शन द्यावयाचे तर ते वरच्या, बाहेरील चतुर्थांशातच द्यावे लागते. सुई खाली वा आत सरकली तर सायटिक मज्जातंतू दुखावून पाय कायमचा अधू होऊ शकतो. म्हणूनच तान्ह्या मुलाला मांडीच्या बाहेरील बाजूस टोचतात. पुस्तकातील सपाट आकृतीत हा मज्जातंतू दिसतो. त्याची खोली दिसत नाही.

ऑगमेंटेड रिॲलिटीचे तंत्र ही उणीव भरून काढू पाहते. चष्म्यातून किंवा मोबाइलच्या पडद्यावर स्नायू, रक्तवाहिन्या समोरच्या जागेतच उभ्या राहिलेल्या दिसतात आणि विद्यार्थिनी त्यांच्याभोवती फिरून पाहू शकते. अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स चष्म्यासाठी असे पाठ रचले. यंत्र आहे म्हणून समाजवाद्याने त्यास विरोध करण्याचे कारण नाही.

प्रश्न मालकीचा आहे. २०१९ साली या चष्म्याच्या दुसऱ्या आवृत्तीची किंमत ३,५०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे अडीच लाख रुपये होती. २०२४ मध्ये कंपनीने तिचे उत्पादनच थांबविले. ज्या शिक्षणसंस्थेने आपले पाठ या एकाच चष्म्यावर बेतले असतील, तिने उद्या काय करावे? साधन खाजगी असले की त्यावर उभारलेले ज्ञानही नफ्यातोट्याच्या हिशेबाने चालते वा बंद पडते.

१९९२ साली याच तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली. त्यांना हवे होते अन्न, औषध आणि वेळेवर पोहोचणारा प्रशिक्षित हात. तो हात घडविण्यास नवे तंत्र उपयोगी पडत असेल, तर ते शहरातील महागड्या महाविद्यालयांपुरते राहता कामा नये.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. शरीररचनेचे हे पाठ सार्वजनिक पैशातून, मराठीत तयार व्हावेत. ते साध्या मोबाइलवर, नेटवर्क नसतानाही चालावेत. आणि त्यांवर कोणा कंपनीची मक्तेदारी नसावी. त्याचबरोबर, चष्मा आला म्हणून शिक्षिकेचे पद कमी करू देऊ नये. नाडीचे ठोके बोटांखालीच ओळखावे लागतात. गर्भवतीच्या पोटावर हात ठेवूनच गर्भाची वाढ अजमावावी लागते. ते शिक्षण रुग्णाच्या खाटेशीच होते.

जव्हार-मोखाड्यातील ज्या मुली आज परिचारिका होऊ इच्छितात, त्यांच्या वतीने ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.