रविवारचा फोन

भरतीत निवड झालेल्या दोघा-तिघांनी विचारलंय, "दादा, ट्रेनिंगला घरची आठवण आली की काय करायचं?" म्हणून आज माझंच सांगतो.

मी साताऱ्याकडचा. अग्निवीर म्हणून बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला गेलो, तेव्हा 18 पण पूर्ण नव्हती. गावात 1600 मीटरला माझ्या पुढं कुणी नसायचं. बॅरकमध्ये बघतो तर प्रत्येक जण आपापल्या गावात पहिलाच! त्यात मला दोरावर चढणं जमेना. अर्ध्यात हात सुटायचे, आणि खाली उस्ताद उभे.

दिवसा आठवण यायला वेळच नसायचा. दिवे गेले की यायची. उशीत तोंड खुपसून रडलोय, खोटं कशाला सांगू?

तिसऱ्या रविवारी घरी फोन लावला. "आई, परत येतो," एवढंच बोलायचं ठरवलेलं. तर तीच सुरू झाली. म्हैस व्याली, रेडी झाली, तू आलास की नाव ठेवू. मग, "जेवतोस ना?" म्हणलं, "हो." संपला फोन.

रात्री शेजारच्या खाटेवरच्या नांदेडच्या पोराला सगळं सांगितलं. त्याला दोर म्हणजे खेळ. तो म्हणतो, "मी बी अर्ज लिहून ठेवलाय. पेटीत हाय."

मग आमचं ठरलं. सोडायचं तर सोडू, पण रात्री ठरवायचं नाही, सकाळी नाष्टा झाल्यावर. नाष्ट्यानंतर लगेच फॉल-इन, ठरवणार कधी?

दोर त्यानंच शिकवला. हातानं ओढू नको, आधी पायात अडकव.

त्याचा अर्ज अजून पेटीतच आहे म्हणतो. रेडीचं नाव राणी.