नेमबाजीच्या वर्गात ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार

(नेमबाजी प्रशिक्षकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



2010 साली म्युनिक येथे कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 50 मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेत्या ठरल्या. 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. अशा यशाने भारावलेली मुले आपल्या वर्गात येतात. त्यांच्या हाती आपण जे साधन देतो, ते आधी शस्त्र आहे आणि मग क्रीडासाहित्य. म्हणून आज पदकांविषयी न बोलता सुरक्षिततेविषयी बोलणे मला अधिक अगत्याचे वाटते.

ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात घडलेली दुर्घटना प्रत्येक प्रशिक्षकाने अभ्यासावी. नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती ऊझी सबमशीनगन देण्यात आली. तिने एक गोळी झाडली आणि लगेच ते शस्त्र स्वयंचलित स्थितीत आणले गेले. सलग गोळ्यांच्या धक्क्याने नळी उसळली, मुलीला ती आवरेना आणि शेजारी उभा असलेला प्रशिक्षकच प्राणास मुकला. दोष त्या बालिकेचा नव्हता. विद्यार्थ्याचे वय, शक्ती व तयारी पाहून शस्त्र निवडण्याचे दायित्व शिकवणाऱ्याचे असते.

अमेरिकी प्रशिक्षक जेफ कूपर यांनी रूढ केलेले चार नियम आपणांस ठाऊक आहेत. प्रत्येक बंदूक भरलेली समजावी. जे नष्ट करायचे नाही, त्याकडे नळी रोखू नये. नेम धरल्याखेरीज बोट चापावर नेऊ नये. लक्ष्य आणि त्यामागे काय आहे, हे निश्चित जाणावे. मात्र हे नियम पाठ होणे वेगळे आणि अंगवळणी पडणे वेगळे. त्यासाठी पहिला दिवस काडतुसांविना असावा. पकड, श्वास आणि चापावरील दाब यांचा सराव एअर रायफलवर किंवा नकली काडतूस वापरून करावा. पॉइंट बावीस रायफलचा चाप रिकाम्या चेंबरवर वारंवार ओढल्यास पिन व चेंबरची कड यांना इजा होऊ शकते, हेही तेव्हाच सांगावे. नेमबाजी थांबली की चेंबरमध्ये सुरक्षा-ध्वज घालावा. म्हणजे बंदूक रिकामी असल्याचे दुरूनही दिसते.

आता विद्यार्थ्याच्या अनुभवाविषयी. बहुतेक बंदुकांचा आवाज 140 डेसिबलहून अधिक असतो. कानांना संरक्षण नसेल तर मूल दचकते. पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटते आणि खांदा आखडते. नेम तर चुकतोच, शिवाय बंदुकीवरचा ताबाही सुटतो. लांब दस्ता किंवा न पेलणारे वजन यांचाही परिणाम असाच होतो. कानाचे कप, डोळ्यांचा चष्मा आणि अंगाला बसेल अशी रायफल ही म्हणूनच चैन समजू नये. गोळ्यांतील शिसे घातक असते; सरावानंतर हात धुतल्याशिवाय डबा उघडू देऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रांगेतील लहानात लहान विद्यार्थ्याला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार असावा. तो शब्द ऐकताच सर्वांनी चापावरून बोट काढावे आणि नळी लक्ष्याच्या दिशेनेच ठेवावी. नंतर शंका निराधार ठरली तरी त्या मुलाला रागावू नये. वाया गेली तर दोन मिनिटे जातील. पण एकदा हशा झाला, तर पुढच्या वेळी खरा धोका दिसूनही ते मूल गप्प बसेल. शिस्त आवश्यकच आहे; परंतु धाकाने आलेले मौन म्हणजे शिस्त नव्हे. थोडक्यात टळलेल्या प्रत्येक प्रसंगाची, कोणाचेही नाव न घालता, नोंदवहीत नोंद करावी आणि पुढील वर्गापूर्वी ती सर्व प्रशिक्षकांनी एकत्र वाचावी.

दसऱ्याला आपण शस्त्रपूजन करतो. त्या श्रद्धेला साजेसे आचरण वर्षभर घडावे. बंदूक हाती घेताच चेंबर तपासणे, शिकणाऱ्याची भीती समजून घेणे आणि त्याचा ‘थांबा’ मानणे, एवढे व्रत आपण पुढील वर्गाच्या पहिल्या दिवसापासून पाळूया. पालकांनी विश्वासाने सोपवलेले प्रत्येक मूल संध्याकाळी सुखरूप घरी जावे आणि दुसऱ्या दिवशी उत्साहाने परत यावे, हीच आपल्या अध्यापनाची कसोटी आहे.