परगांवीं आपली बोली

पोटासाठीं गांव सोडणारा मनुष्य आपली बोली बरोबर नेतो. पण नव्या शहरांत ती दबक्या आवाजांतच बोलतो. भांडुपच्या चाळींत वसलेल्या कोंकणी चाकरमान्याची घरची भाषा एक आणि कारखान्यांतली दुसरी. जत्रेंतला दशावतार, ज्याचे संवाद नटाला रंगमंचावरच सुचतात, तो बहुधा सुटींत गांवीं गेल्यावरच दिसावयाचा.

१९८० सालीं गंगाराम गवाणकर यांचें ‘वस्त्रहरण’ मुंबईंत रंगभूमीवर आलें. गांवकऱ्यांच्या नाटकाची फजिती हा त्याचा विषय. एरवीं जी मालवणी नाटकांत घरगड्याच्या तोंडीं असे, तिनेंच येथें सारें नाटक तोलून धरलें. मच्छिंद्र कांबळी यांचा तात्या सरपंच घरोघर पोहोंचला आणि प्रयोगांची संख्या ५,००० वर गेली. मालवणी न बोलणारेही तिकिटें काढून आले.

क्यूबा सोडून आलेल्या रेने बुक आणि गिल्बर्टो सालदीवार यांनीं १९६८ सालीं न्यू यॉर्कमध्यें स्पॅनिश नाटकांसाठीं ‘रेपर्टोरिओ एस्पान्योल’ ही संस्था काढली. तेथें विनोदाबरोबर लोर्काची शोकांतिकाही झाली. आपल्याकडे मात्र मालवणी म्हटली कीं प्रेक्षक अगोदरच हंसूं लागतो.

हंसविणाऱ्या बोलीला शहर टाळ्या देतें; रडविणाऱ्या बोलीला तें आपली मानतें. आज भांडुपमधील पुष्कळ नातवंडांना आजीची मालवणी समजते, पण बोलतां येत नाहीं. गिरणी बंद पडल्याचें, गांवचें घर ओस पडल्याचें दुःख त्याच बोलींत रंगभूमीवर आलें, तर तीं मुलें केवळ हंसण्यासाठीं नव्हे, बोलण्यासाठींही तिच्याकडे वळतील.