शिकणाऱ्या हातांचा हक्क

(कोल्हापूर येथे शाहूपुरीत कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या शाहूपुरीत ही सभा भरली आहे, ती पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली व्यापारासाठी वसविली. गुळाच्या व्यवहाराचा हिशेब चोपड्यांतून सापडेल. पण येथल्या कुंभार गल्लीत मूर्तीचे डोळे रेखण्याची विद्या कोणी कोणाला दिली, याची नोंद कोणत्या दप्तरात शोधावयाची? उद्यमनगरात लेथच्या आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या कामगाराचेही तेच. कामाच्या जागी, एकमेकांच्या संगतीने, चुकतमाकत मिळणारे हे ज्ञान समाज वापरतो. मात्र त्याला ज्ञान म्हणावयास तो तयार नसतो.

या ज्ञानाचे सामर्थ्य कोल्हापूरने एकदा सिद्ध केले आहे. बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगविणारे कलावंत. स्वतःचा कॅमेरा बनविण्याची त्यांची खटपट चालू असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून बाबूरावांनी तो कॅमेरा पुरा केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करीत माणसे घडली. शांताराम वणकुद्रे त्यांपैकीच एक. १९२९ साली दामले, साहेबमामा फत्तेलाल, शांताराम व धायबर बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांना भागीदार घेऊन त्यांनी ‘प्रभात’ उभारली. दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’चा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. कामातून शिकलेले लोक मालकीत भागीदार झाले, हा ‘प्रभात’चा मोठा धडा होय. पण भागीदार पाचच होते. बाकीचे पगारी नोकर राहिले, हा त्याच धड्याचा उत्तरार्ध आहे.

म्हणून अशा शिक्षणाचे नुसते गोडवे गाऊन भागणार नाही. बापाकडून मुलाकडे जाणारी विद्या जातीच्या भिंतीआड कोंडली गेली आणि स्त्रियांना तर उंबऱ्याशीच थांबविले गेले. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, ते ही कोंडी फोडण्यासाठीच. कामावरचे शिक्षण शाळेला पूरक आहे. ते शाळेची जागा घेऊ शकत नाही.

आज व्यवस्थापकवर्गही लवचीक, अनौपचारिक आणि सहकारी शिक्षणाची भाषा बोलू लागला आहे. भाषा गोड आहे. प्रश्न एवढाच, की शिकण्याचा वेळ कोणाचा आणि शिकण्याचे फळ कोणाचे? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे १८ वे कलम सांगते की, उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. कामगार कायदे त्याला लागू नाहीत. या कलमाच्या आडोशाने पूर्ण उत्पादन घ्यावयाचे आणि हातावर विद्यावेतन टेकवावयाचे, हे शिक्षण नसून स्वस्त श्रमाची तरतूद आहे. तसेच, सुटी झाल्यावर घरी बसून नवे यंत्र समजून घ्या, असे सांगणे म्हणजे कामगाराचा विसावाच कारखान्याच्या खात्यावर मांडणे होय.

याला पर्याय नाही असे कोणी म्हणू नये. इटलीतील धातुकामगारांनी १९७३ च्या करारात अभ्यासासाठी तीन वर्षांत १५० तासांची भरपगारी सवड मिळविली. त्या तासांत प्रौढ कामगार अर्धवट सुटलेले शालेय शिक्षण पुरे करू लागले. काय शिकावयाचे, हे तेथे मालक ठरवीत नव्हता. स्वीडनमध्ये १९०२ पासून रुजलेली अभ्यासमंडळे श्रमिक चळवळीने आपलीशी केली. वर्तुळात बसून एकमेकांना शिकविण्याची ती रीत आहे.

येथील मागण्याही स्पष्ट असाव्यात. शिकणे कामाच्या वेळेत व्हावे. हाती आलेल्या कौशल्याची परीक्षा विनामूल्य होऊन तिचा दाखला मिळावा आणि त्या दाखल्याप्रमाणे वेतन वाढावे. शिकविणाऱ्या जुन्या कामगारालाही त्या कामाचा मोबदला मिळावा. कारण आपले कसब दुसऱ्याला दिल्यास आपलीच भाकरी जाईल, ही भीती असेतोवर सहकार्याची भाषा पोकळ राहणार.

कायदा बदलेपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. आठवड्यातून एक तास लेथवाला, मोल्डर आणि नवा उमेदवार एकत्र बसले, कामाचे आणि वेतनाचे दोन्ही हिशेब त्यांनी समजून घेतले, तर संघटनेची पहिली शाळा तेथेच सुरू होईल. तिला इमारत लागत नाही. बोलावणारा कार्यकर्ता लागतो.